आपल्या माणसाची दाढ

माझा धंदा सांगितला की समोरचा माणूस आधी तोंड मिटतो. सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत माझी दातांची लॅब आहे. मी डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटचा दात कोरतात, त्याचं माप घेतात, ते माप डबीत घालून माझ्याकडं पाठवतात आणि त्यावरून मी दात घडवते. पेशंट मला दिसत नाही आणि मी पेशंटला दिसत नाही. वीस वर्षं झाली. एखाद्या लग्नात समोर बसलेला माणूस मोठ्यानं हसला तर मी त्याच्या तोंडात बघत राहते, माझं काही आहे का ते. त्याला वाटत असेल, बाई आगाऊ दिसते.

कवळी आणि कॅप सगळ्यांना ठाऊक असते. माझा जीव आहे तो या सगळ्याच्या मधल्या कामात. दाढ थोडी किडली तर डॉक्टर सिमेंट भरून मोकळे होतात. फारच गेली तर चारी बाजूंनी तासून वर कॅप बसवतात. पण निम्मी दाढ चांगली आणि निम्मी गेलेली असली तर? तर जेवढी गेली तेवढाच तुकडा बाहेर घडवायचा आणि आत चिकटवायचा. दाढेच्या मधल्या खळग्यात बसतो त्याला इनले म्हणतात. कडेचा उंचवटा ढासळला असेल तर त्यालाही वरून झाकून घेतो तो ऑनले. चांगल्या भागाला हात लावायचा नाही. पैठणीला रफू करावं तसं हे काम आहे, जमलं तर कुणाला दिसत नाही आणि फसलं तर जिभेला पहिल्या घासाला कळतं.

मी ते आधी मेणात कोरते आणि मग भट्टीत त्या मेणाच्या जागी सिरॅमिक उतरवते. माझ्या हाताची एक खोड आहे. दाढेवर मधोमध जी खाच असते ती मागच्या टोकाला गेली की माझ्या हातून तिला तीन फाटे फुटतात, कावळ्याच्या पायासारखे. मुद्दाम करत नाही. जसं प्रत्येकाचं अक्षर असतं तसं ते आहे. दहा दाढा एका ताटात ठेवल्या तरी त्यातली माझी मी काढून दाखवीन.

हे काम मला शिकवलं साताऱ्याच्या सरांनी. सर दातांचे डॉक्टर. मी डिप्लोमा करून नुकतीच बाहेर पडले होते आणि कुणी मला साधी कवळी द्यायला तयार नव्हतं, तेव्हा सरांनी ऑनले दिला. सात वेळा परत पाठवला. आठव्या वेळी चिठ्ठी आली, ‘बसला. आता कुणाला घाबरू नकोस.’ ती चिठ्ठी मी लॅबच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवली. माझ्या वडिलांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती, त्यांच्या स्वभावातच ते नव्हतं. ती जागा सरांनी भरली असं मी मानत होते, आणि हे मी कुणाला सांगितलं नसलं तरी सरांना ते ठाऊक होतं अशी माझी समजूत होती.

दर बुधवारी साताऱ्याहून एसटीनं सरांचं पार्सल यायचं. डबीवर चिठ्ठी असायची. पेशंटचा नंबर, कुठली दाढ, रंग कुठला. नाव नसायचं. पण कधीकधी खाली दोन शब्द असायचे, ‘आपलं माणूस’. म्हणजे सरांची मेहुणी असेल, शेजारी असेल, शाळेतला मित्र असेल. ते दोन शब्द दिसले की मी बाकीचं काम बाजूला ठेवायची. एकदा कोरलेलं मेण मोडून पुन्हा कोरायची. खरं तर सगळ्यांचंच काम मी मन लावून करते, पण ‘आपलं माणूस’ म्हटलं की हात आपोआप थांबून थांबून चालतो. सरांचं माणूस ते माझं माणूस, एवढा साधा हिशेब.

दोन-तीन वर्षांपासून ते शब्द यायचे बंद झाले होते. मला वाटलं, सरांचं वय झालं, लिहायचा कंटाळा करत असतील.

आता आईचं सांगते. आई साताऱ्याजवळ गावी असते. शेतात ऊस आहे आणि अडकित्ता कायम हाताशी असतो, पण बाई सुपारी दातानं फोडणार. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अशीच सुपारी फोडताना तिची उजवीकडची खालची दाढ उलली. बाहेरचा उंचवटा सुपारीबरोबर हातात आला. तिनं तो पदराला बांधून ठेवला आणि मला फोन केला.

“तुला लागंल म्हून ठिवलाय.”

“आई, तो काही कामाचा नाही. टाकून दे.”

“माझा दात हाय. टाकीन कशाला?”

मी सरांना फोन करून सांगितलं, आईची दाढ मीच करणार. सर म्हणाले, “अगं, तूच करणार. दुसरं कोण?” पुढच्या बुधवारी पार्सल आलं. चिठ्ठीवर नंबर होता, दाढ होती, रंग होता. खाली ‘आपलं माणूस’ नव्हतं. मला हसू आलं. माझ्याच आईच्या चिठ्ठीवर सर मला ते कशाला लिहितील, असं वाटलं.

तो ऑनले मी तीन वेळा कोरला. का ते सांगायला हवं. मी हा कोर्स घेतला तेव्हा आमच्या चुलतीनं सगळ्या भावकीत पसरवून ठेवलं होतं की पोरगी लोकांच्या उष्ट्या तोंडाचं काम शिकायला निघालीय, हिला करणार कोण? आईनं तेव्हा तोंड उघडलं नाही. ती भांडत नाही, साठवून ठेवते. वीस वर्षं तिनं ते साठवलं. आणि तिच्या स्वतःच्या तोंडात माझ्या हातची दाढ बसणार म्हटल्यावर तिला उत्तर सापडलं. दाढ बसवायच्या दिवशी ती वडापच्या जीपमधून एकटी साताऱ्याला गेली. मला इथं कामाचा ढीग होता. मी आईबरोबर जायला हवं होतं, हे नंतर शंभर वेळा वाटून गेलं. संध्याकाळी तिचा फोन आला, “बसली गं. हाय का न्हाई तेबी कळत न्हाई. लय झ्याक केलीस.” मी त्या दिवशी लॅब लवकर बंद केली आणि बासुंदी घेऊन घरी गेले. इतकं हलकं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ती दाढ गावभर झाली. भाजी घ्यायला आलेल्या बाईला दाखवून झाली, दुधाच्या डेअरीवर दाखवून झाली. एकदा म्हणे तलाठ्यालाही दाखवली.

संक्रांतीनंतर गावी आईकडं हळदीकुंकू होतं. मी गेले होते. खोली बायकांनी भरलेली, सगळ्यांच्या तोंडात तिळगूळ. चुलतीही आली होती. आता तिच्याच तोंडात वरचे चार दात उरलेत, तेव्हा उष्ट्या तोंडाचा विषय ती काढत नाही. आई तिच्यासमोर जाऊन बसली आणि मला म्हणाली, “लाव गं बॅटरी मोबाईलची. काकीला बघू दे.”

मी लाजल्यासारखं केलं, पण मनातून मला तेच हवं होतं. बॅटरी लावली. आईनं जबडा उघडला. चुलती वाकली, मीही वाकले.

खाच सरळ मागं गेली होती. टोकाला दोन बारीक फाटे होते, सुबक, दोन्ही सारखे. तिसरा नव्हता.

मला वाटलं उजेड नीट पडत नाही. मोबाईल तिरका केला. आईचा गाल बोटानं ओढून धरला. उंचवट्याचा उतार माझा नव्हता, रंगाची छटा माझी नव्हती, कडेचा जोड इतका बारीक होता की मलाच तो शोधावा लागला. दाढ सुंदर होती. हे आधी मनात आलं आणि मग कळलं, ही माझी नव्हे.

चुलती म्हणाली, “लय भारी केलीस गं. हात सोन्याचा हाय तुझा.”

आई जबडा मिटून तिच्याकडं नुसतं बघत होती. वीस वर्षांचं साठवलेलं त्या बघण्यात होतं. मी “हं” म्हटलं आणि वाटीतला तिळगूळ वाटायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्यात सरांच्या दवाखान्यात होते. पेशंट यायचे होते. सरांनी नेहमीसारखं “ये बाळ” म्हटलं, चहा सांगितला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही.

“सर, आईच्या तोंडात बसलीय ती दाढ कुणाची?”

सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटत होतं ते म्हणतील, तुझीच की. तेवढं खोटं ते बोलले असते तर मी ते मानून परत आले असते, इतकी माझी तयारी होती. पण ते हसले.

“ओळखलंस होय? शाबास. पुण्याची आहे.”

“माझं काय झालं?”

“काही झालं नाही गं. मीच दोन मापं घेतली होती. एक तुला पाठवलं, एक पुण्याला. तिथं आता मशीन आहे, बघ. कॉम्प्युटरवर काढतात आणि मशीन कोरतं. हाताला येत नाही ते.” मग खुर्ची पुढं ओढून, अगदी मायेनं ते म्हणाले, “तुझी आई म्हणजे आपलं माणूस. आपल्या माणसाचं मी पुण्यालाच पाठवतो आता.”

मला ते दोन शब्द ऐकू आले आणि चिठ्ठ्यांवरून ते कधी गेले ते आठवलं.

“मग माझ्याकडं काय पाठवता, सर?”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाहेर कुणीतरी मोटरसायकल उभी केली.

“बाकीचं,” ते म्हणाले. “वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काम चांगलंच आहे. पेशंटची तक्रार नसते.”

“मग मला खोटं कशाला सांगितलंत? माप कशाला पाठवलंत?”

“तुझी इच्छा होती ना. तुला बरं वाटावं म्हणून.”

मी रडले नाही. मला इतका राग आला होता की रडू कुठं गेलं कळलं नाही. मी फक्त एवढंच विचारलं की माझा ऑनले कुठं आहे. सरांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि माझी डबी काढून दिली. डबीवर मी चिकटपट्टी लावते तेव्हा तिचं एक टोक दुमडून ठेवते, सरांना नखानं ओरबाडावं लागू नये म्हणून. ते टोक तसंच दुमडलेलं होतं. डबी उघडलीच नव्हती. बसवून बघितला आणि बसला नाही असं झालं असतं तर मी सात वेळा काय, सत्तर वेळा केला असता. त्यांनी बघितलासुद्धा नव्हता.

चहा आला होता. मी तो घेतला नाही. सर मागून म्हणाले, “अगं, आईचं भलंच केलं ना मी?” मी डबी घेऊन पायऱ्या उतरले.

सांगलीला येताना एसटीत ती डबी मांडीवर होती. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे लहानपणापासून ऐकत आले आणि दातांच्याच धंद्यात राहून विसरले. कराडपर्यंत मी सरांना मनात वाटेल ते बोलले. कराडच्या पुढं स्वतःला बोलायला लागले. गेल्या दोन-तीन वर्षांत सरांकडून आलेली एकेक दाढ आठवत होते आणि प्रत्येकीपुढं ‘बाकीचं’ असं लिहिलेलं दिसत होतं. ती माणसं माझ्यासारखीच कुणाची तरी आई, कुणाची तरी बहीण असणार. सरांना ती परकी होती, म्हणून माझा हात त्यांना चालत होता. आणि मी मूर्ख, सरांच्या दोन शब्दांसाठी इतकी वर्षं मेण मोडून पुन्हा कोरत आले होते.

लॅबमध्ये आल्यावर आईच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा काढला. डबीची पट्टी मीच सोडवली. भिंग लावून ऑनले साच्यावर ठेवला. बसला. हलला नाही, टिचकी मारली तरी खडखडला नाही. पण साच्यावर बसला म्हणजे तोंडात बसेलच असं नाही, हे आमच्या धंद्यातल्या पोराटोरालाही ठाऊक असतं. तो तोंडात कसा बसला असता ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

पुढच्या बुधवारी सरांचं पार्सल आलं, जणू काही झालंच नव्हतं. मी ते न उघडता परत पाठवलं. चिठ्ठीवर काय लिहावं याची पंचवीस वाक्यं मनात तयार होती, पैकी काही छापण्यासारखी नाहीत. शेवटी कोरीच पाठवली. मग रात्रभर वाटत राहिलं की ज्याचं ते माप होतं तो बिचारा तात्पुरत्या सिमेंटवर आणखी आठवडाभर एका बाजूनं जेवणार. त्याचा काय दोष होता? पण मी फोन केला नाही. सरांनीही केला नाही. कपाटातली ती जुनी चिठ्ठी मी काढायला गेले तर डिंक इतका मुरला होता की कागद फाटत होता. तशीच ठेवली.

आईला काही सांगितलं नाही. सांगणार काय? आपलेच दात, आपलेच ओठ. दर फोनला ती विचारायची, “सर बरं हायती न्हवं? देवमाणूस हाय.” मी म्हणायची, बरे आहेत. सरांनी एकदा खोटं केलं होतं, मी ते दर आठवड्याला करत होते.

आणि मग या वर्षी आईची डावीकडची दाढ गेली. पुन्हा सुपारीच. पुन्हा तुकडा पदराला.

“आता ही बी तूच कर. पयलीसारखी.”

खरं सांगते, एकदा मनात आलं की हिचं माप पुण्याला पाठवावं. आईचं भलं तेच होतं, हे माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं होतं. पुण्याचा नंबर मिळवायला मला पाच मिनिटं लागली असती. पण मी तसं केलं नाही. मला तिच्या तोंडात माझी दाढ हवी होती. ती तिला हवी म्हणून नव्हे. मला हवी होती.

आईला सांगलीला घेऊन आले. इथल्या एका डॉक्टरीणबाईंचं काम मी करते, त्यांच्याकडं नेलं. त्यांना आधीच सांगितलं होतं की मी खुर्चीशेजारी उभी राहणार. मी पाच दिवस तो ऑनले करत होते. मेण चार वेळा मोडलं. बसवायच्या दिवशी डबी मी माझ्या हातानं उघडली. डॉक्टरीणबाईंनी निळा कागद चावायला दिला, एका जागी जास्त उमटलं, तिथं थोडं घासलं. पुन्हा चावायला दिला, पुन्हा थोडं घासलं. तिसऱ्यांदा ठीक आलं. मग चिकटवला. मी वाकून बघितलं. मागं टोकाला तीन फाटे होते. माझे डोळे भरून आले आणि डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या तेव्हा मी मास्क वर ओढला.

आई आठ दिवस माझ्याकडं राहिली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही जेवून बसलो होतो. ती पिशवी उपसून तिच्यातला अडकित्ता शोधत होती. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलंच.

“नवी दाढ कशी वाटते?”

आईनं जीभ आधी डावीकडं फिरवली, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. तिला खोटं बोलता येत नाही, कुणाचं मन राखायलासुद्धा नाही.

“ही बी बरी हाय,” ती म्हणाली. “पर पयलीची सर न्हाई. ती हाय का न्हाई कळत न्हाई. हिचं जरा कळतं.” मग माझा हात हातात घेऊन तिनं उलटापालटा करून बघितला. “तवा तुझा हात लय हलका हुता. आता दमतीस तू. काम कमी कर.”

मी म्हटलं, “व्हय आई. पयली चांगली झाली हुती.”

अडकित्ता सापडला होता. तिनं सुपारी कातरली, एक खांड मला दिलं, आणि दुसरं आपल्या तोंडात टाकून उजव्या गालाकडं सरकवलं.